सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडकेल का?

न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून मला येणाऱ्या फोनमध्ये हा प्रश्न हमखास असतो. नोकरी गेलेली असते, विमा गेलेला असतो, पण मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं, नाव काढलं की नवरा-बायको दोघंही दचकतात. अशाच एका घराबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तो एच१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच४ या जोडीदाराच्या व्हिसावर, दोघं ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगा इथेच जन्मलेला, सव्वादोन वर्षांचा. शिवाय नातवासाठी सहा महिने राहायला आलेल्या सासूबाई. लेऑफची मेल आली आणि महिनाअखेरीला चौघांपैकी तिघांचा विमा संपला. सासूबाईंचा प्रवासी विमा होता, पण त्यातून मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मिळणार नव्हत्या.

बायको माझ्याकडे आली तेव्हा खरं दुखणं निराळंच निघालं. मुलगा बोलत नव्हता. पाणी हवं असलं की आईचं बोट धरून नळापाशी न्यायचा आणि तिचाच हात उचलून नळावर ठेवायचा. लहान मुलांच्या डॉक्टरांनी अर्ली इंटरव्हेन्शनकडे, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या लहान मुलांच्या तपासणी-थेरपीच्या सरकारी सोयीकडे, जायला सांगितलं होतं. तो कागद चार घड्या घालून डायपरच्या पिशवीत पडून होता. का, तर नवऱ्याचं म्हणणं, "सरकारी काही नको. उद्या ग्रीन कार्डच्या फाइलमध्ये दिसेल." आणि हळूच पुढे, "आपण काय फुकटे आहोत का?"

माझ्या अनुभवात या दोन वाक्यांतलं दुसरं जास्त जड असतं. कायद्याची भीती माहितीने कमी होते, लाज तशी होत नाही. त्याला मी एवढंच म्हटलं, "इतकी वर्षं पगारातून कर कापला गेला तेव्हा तुम्ही कुणाचे उपकार मोजलेत?" तो हसला नाही, पण खुर्ची पुढे ओढून बसला.

मग मी कागदावर चार नावं लिहिली आणि प्रत्येकाखाली रेघ मारली. लोक विचारतात, "आमच्या फॅमिलीला मिळेल का?" या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण अमेरिकेत पात्रता माणसागणिक ठरते. एकाच घरात चार माणसांचे चार नियम असू शकतात.

आधी मुलगा. तो जन्माने अमेरिकन नागरिक. उत्पन्न मर्यादेत असेल तर एनजे फॅमिलीकेअर, म्हणजे इथलं मेडिकेड आणि चिप (मुलांचा सरकारी विमा), त्याच्या हक्काचं आहे. न्यू जर्सीत मुलांसाठी ही मर्यादा केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या ३५५ टक्क्यांपर्यंत जाते, त्यामुळे मध्यमवर्गीय घरंही बसतात. अर्जात प्रत्येक माणसापुढे विचारतात, 'याच्यासाठी विमा हवा आहे का?' आईबापांपुढे 'नाही' अशी खूण केली की त्यांचा इमिग्रेशन दर्जा सांगणं सक्तीचं राहत नाही. उत्पन्न मात्र खरं लिहायचं. आई सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या रकान्यापाशी अडली होती, म्हणून अर्ज आठवडाभर लॅपटॉपवर अर्धवट पडला होता.

अर्ली इंटरव्हेन्शन तर विम्यावर अवलंबूनच नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची ही केंद्रीय कायद्याने आलेली सोय आहे. तपासणी मोफत असते. पुढच्या थेरपीसाठी न्यू जर्सीत उत्पन्नानुसार थोडा वाटा भरावा लागू शकतो. नाव नोंदवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि पहिली योजना-बैठक व्हायला हवी. तिसऱ्या वाढदिवसानंतर जबाबदारी शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जाते, म्हणजे पुन्हा वेगळी प्रक्रिया. हाताशी नऊ महिने होते. मी म्हटलं, बाकी सगळं नंतर, हा फोन आज.

आता मूळ भीती. 'पब्लिक चार्ज' म्हणजे सरकारी मदतीवर विसंबून राहील असा माणूस, आणि तसं वाटलं तर ग्रीन कार्ड नाकारता येतं. त्याबद्दलचा २०२२ चा नियम सांगतो की, मुलाने घेतलेला लाभ आईबापांच्या खात्यावर धरत नाहीत. ग्रीन कार्ड मागणाऱ्याने स्वतः घेतलेल्या लाभांतही मुख्यतः रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ राहणं, एवढंच बघतात. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये हा नियमच मागे घेण्याचा प्रस्ताव आला आहे. म्हणून स्वतःच्या नावाने काही घ्यायचं असेल, तर त्या दिवशीचा नियम इमिग्रेशन वकिलाला विचारून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारे २०१९ च्या जास्त कडक नियमाचे फॉरवर्ड मला आजही येतात. तो नियम २०२१ मध्येच रद्द झाला. मेडिकेडची माहिती इमिग्रेशन खात्याकडे जाण्यावरूनही २०२५ मध्ये कोर्टकज्जे झाले. यांच्याबाबतीत मी सरळ म्हटलं, "तुमचा पत्ता त्या खात्याकडे आधीपासून आहेच." कागदपत्रं नसलेल्या घराला हे वाक्य मी ऐकवणार नाही. तिथे आधी वकील.

या नवरा-बायकोला स्वतःसाठी मेडिकेड नव्हतंच. नोकरी सुटल्यावर कोब्रा, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवण्याची सोय, निवडायला ६० दिवस मिळतात आणि निवडला की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. प्रीमियम मात्र पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत जातो. त्यांनी ती खिडकी उघडी ठेवून राज्याच्या मार्केटप्लेसमधून, म्हणजे विमा विकत घेण्याच्या सरकारी वेबसाइटवरून, साधा प्लॅन घेतला. तिथेही मुदत ६० दिवसांचीच. हप्त्यात सवलत मिळाली, पण २०२५ च्या कायद्यामुळे अशा व्हिसावरच्यांना ती जानेवारी २०२७ पासून मिळणार नाही.

सासूबाईंसाठी मेडिकेड नाही, हे स्पष्ट सांगितलं. गोळ्यांसाठी कम्युनिटी हेल्थ सेंटर सुचवलं, जिथे उत्पन्नानुसार फी असते आणि व्हिसा आडवा येत नाही. जिवावर बेतलं तर १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी रूमला तपासून स्थिर करावंच लागतं. बिल येतंच. पण ते आलं की लगेच क्रेडिट कार्ड काढू नका, आधी हॉस्पिटलची आर्थिक मदतीची योजना मागा. आणि दुभाषा मागा, तो फुकट असतो. सासूच्या लघवीच्या त्रासाचं भाषांतर सुनेने करायचं, ही दोघींनाही शिक्षाच आहे.

मुलाची थेरपी सुरू झाली. चौथ्या महिन्यात नवऱ्याला नवी नोकरी लागली, तेव्हा तिचा फोन आला, "ताई, आतापर्यंतचं परत करावं लागेल का हो?" म्हटलं, अर्जातली माहिती खरी होती, तर परत काही करायचं नाही. नवा पगार आणि नवा विमा फॅमिलीकेअरला कळव, बस्स.