पगार ५८ हजारांवरून ३४ वर आला, हप्ते तेवढेच. सगळं एकत्र करायला नवं कर्ज काढू की बँकेशी बोलून कमी पैशांत क्रेडिट कार्डाची सेटलमेंट करू?

दोन्ही नको.

तुम्ही लिहिलंय, घराचा हप्ता १९ हजार, पर्सनल लोनचा ९ हजार, कार्डावर पावणेदोन लाख आणि त्याचं फक्त ‘मिनिमम’, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम भरताय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता : ‘बायकोचं थोडं सोनं आहे, पण ते मोडायचं नाही असं घरच्यांनी ठरवलंय.’ ते ‘घरच्यांनी’ वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले.

२०१९ साली गाड्यांचा धंदा बसला तेव्हा आमचे हे पुण्याजवळ भोसरीत, कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका व्हेंडरकडे होते. आधी ओव्हरटाइम गेला, मग महिन्यातले आठ-दहा दिवस कंपनीच बंद. हातात येणारे ४१ हजार २६ वर आले. त्यातून धायरीच्या फ्लॅटचा हप्ता १४,२०० कापून जायचा. तरी किराणा येत होता, मुलीची फी भरली गेली. मला वाटलं, कुठेतरी शिल्लक टाकली असेल. शिल्लक कसली, कार्ड घासत होते. सप्टेंबरात स्टेटमेंट माझ्या हाती लागलं : १,२६,४०० रुपये.

लग्नाआधी चार वर्षं मी एका सीएच्या ऑफिसात टॅली केलंय, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. वही घेतली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ४,४२४. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ७९६. झाले ५,२२०. मिनिमम ५ टक्के, म्हणजे ६,३२०. हा माणूस पोटाला चिमटा काढून सहा हजार भरतोय आणि कर्ज उतरतंय अकराशेने! तेही त्या महिन्यात नवीन काही घेतलं नसेल तर. मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. आणि आम्ही किराणा त्याच कार्डावर घेत होतो.

रात्री म्हटलं, माझ्या पाटल्या मोडू. हे गप्प. सासूबाई देवघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी कोथरूडहून थोरल्या जाऊबाईंचा फोन : “घरातली लक्ष्मी मोडू नये गं. मोडणाऱ्याच्या घरात ती परत येत नाही.” पाटल्या माझ्या आईच्या, कर्ज माझ्या घरावर, आणि मत कोथरूडचं.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. लक्ष्मी रोडला सोनं घ्यायला ही गर्दी, आणि मी मोड द्यायला उभी. आई कायम सांगायची, चार तोळ्यांच्या आहेत. काट्यावर भरल्या ३८ ग्रॅम ६००. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “झीज आहे ताई, रोज घालत असणार.” रोजच घालायची. पस्तीस वर्षं त्याच हातांनी भांडी घासली, धुणं धुतलं. त्या झिजलेल्या दीड ग्रॅमवर मी दुकानातच रडले. त्या मुलाला वाटलं भाव पटला नाही, त्याने मॅनेजरला बोलावलं. शेवटी १,३१,००० चा चेक हातात पडला. तो वटल्याच्या दिवशी कार्डाची बाकी शून्य केली, कार्ड बंद केल्याचं लेखी मागून घेतलं आणि ते कात्रीने कापलं. सासूबाई बघत होत्या.

दिवाळीला जाऊबाईंनी माझ्या हातांकडे बघून म्हटलं, “लंकेची पार्वती झालीस की!” तेव्हापासून साडेतीन मुहूर्तांपैकी एकही चुकत नाही, घरच्या ग्रुपवर सोन्याच्या भावाचा फोटो येतो. माझं नाव नसतं, पण सगळ्यांना कळतं. तोळा लाखाच्या पुढे गेला त्या दिवशी तर वर हात जोडलेले दोन इमोजी होते.

तर हा हिशोब तुमच्या निमित्ताने मांडते. साडेतीन टक्क्यांनी रक्कम साधारण वीस महिन्यांत दुप्पट होते. सहा वर्षं ती बाकी तशीच वाढत राहिली असती तर कागदावर १५ लाखांच्या घरात गेली असती. बँकेने तेवढे वसूल केले नसते, मान्य, पण नाव खराब करून मधेच कुठेतरी प्रकरण मिटवलं असतं. आणि माझ्या पाटल्यांचे त्याच सहा वर्षांत किती झाले असते? चार-साडेचार लाख. सोनं वाढतं हो, पण कार्ड त्याच्या कितीतरी पुढे पळतं.

पुढे मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन आलं, कंपनी पूर्ण बंद. तेव्हा डोक्यावर फक्त घराचा हप्ता होता म्हणून तरलो. ऑगस्टपर्यंत मोरेटोरियम घेतलं. सहा हप्ते थांबवले, आणि व्याज मुद्दलात चढून उरलेले हप्ते १७४ चे १९० झाले. फुकट काही नसतं.

आता तुमचं. उत्पन्न घटल्यावर मिळणारं नवं कर्ज महागच मिळतं, वर प्रोसेसिंग फी, आणि रिकामं झालेलं कार्ड सहा महिन्यांत पुन्हा भरतं. सेटलमेंट केली तर सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढच्या प्रत्येक कर्जाला आडवं येतं. अगदीच काही उरलं नाही तर करा. घराच्या बँकेत मात्र या आठवड्यात जा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, मग सरफेसीची ६० दिवसांची नोटीस; याच कायद्याने बँक घर ताब्यात घेते. त्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. पगाराच्या जुन्या-नव्या स्लिपा जोडा, अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. पर्सनल लोनवाल्यांनाही हाच अर्ज द्या. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज थकलं म्हणून तुरुंग नसतो, पण चेक किंवा ऑटोडेबिट बाउन्स झालं तर केस होऊ शकते, तेव्हा खात्यात पैसे नसताना चेक देऊ नका.

आणि सोनं मोडायचं ते कार्डासाठी. कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त असलेल्या घरकर्जासाठी कुणी मोडत असेल तर मीच आडवी येईन.

एक राहिलं. जाऊबाईंचं तेव्हा आणखी एक म्हणणं होतं : “मोडतेस कशाला, गहाण ठेव.” दहा-बारा टक्क्यांच्या सोनेतारणावर साडेतीन टक्के महिन्याचं कार्ड फेडणं हिशोबात बसतं. तुमचा महिना दीड-पावणेदोन हजार व्याज भरून जुळणार असेल, तर तसंच करा. आमचा महिनाच चार हजारांनी तुटत होता, आणि नंतर तर कंपनी बंद. पाटल्या लिलावात गेल्या असत्या. तरी ते म्हणणं चूक नव्हतं. हे मी इथे लिहितेय, ग्रुपवर नाही.

तुमच्या बायकोला विचारलंत का, हेही कळवा. घरच्यांना नाही, तिला.