मुळशीजवळ ४०० चौरस फुटांचं लाकडी घर बांधावं का? पाइनचं तयार केबिन घ्यावं की सुताराकडून करून घ्यावं?

तुम्ही विचारलंय, की मुळशीकडे प्लॉट आहे, माणसं तीन, घर लहान आणि पर्यावरणाला धरून हवं, आणि कॅटलॉगमधलं पाइनचं केबिन डोळ्यात भरलंय. मी आर्किटेक्ट आहे, ऑफिस कोथरूडला. लाकडाची थोडी घरं केली आहेत, त्यातलं एक बिघडवलंही आहे. त्या जोरावर लिहितो.

लाकूड आवडतं हे ठीक, पण आधी पावसाचं बोलू. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो. ताम्हिणीच्या बाजूला सरकाल तसा तो कित्येक पट होतो, आणि वर तिरपा येतो. कॅटलॉगमधल्या त्या केबिनला छपराची वळचण जेमतेम वीतभर आहे. फोटोत छान दिसते. इथे मात्र पहिल्या आषाढातच पश्चिमेच्या फळ्या काळ्या पडतील. निदान ३ फूट वळचण ठेवा आणि पश्चिमेला पडवी काढा. झड पडवीत थांबली की भिंत वाचते.

माझं बिघडलेलं घर भोरकडचं. खांब सरळ काँक्रीटमध्ये गाडले होते, मजबुतीसाठी म्हणून. चौथ्या पावसाळ्यानंतर स्क्रूड्रायव्हर टोचला तर बुडाशी लोण्यासारखा आत गेला. काँक्रीटच्या खळग्यात पाणी साचून राहत होतं, लाकडाला वाळायला वावच नव्हता. आपल्या वाड्यांत खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या बैठकीच्या दगडावर उभा असायचा, तो उगीच नाही. ही गोष्ट मी कॉलेजात शिकलो होतो आणि साइटवर विसरलो. आता दगड, त्यावर पत्र्याची टोपी आणि मग खांब, असंच करतो. घर जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचलतो, म्हणजे खाली टॉर्च मारून वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात. जोत्याच्या मातीत औषध मारावंच लागतं, पण दिवाळीनंतर एकदा खाली वाकून बघणं त्याहून उपयोगाचं.

लाकूड कुठलं, हा खरा मजेचा भाग. नवा साग घ्याल तर बहुतेक वेळा तो घाना नाहीतर इक्वाडोरच्या लागवडीतला असतो. झाडं कोवळी, त्यामुळे बाहेरचा पांढरट थर जास्त, आणि सागाचा टिकाऊपणा असतो तो आतल्या गाभ्यात. पांढऱ्यात वाळवी खुशाल घुसते. पेठांतले वाडे पाडले की निघणारा जुना साग बघा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये विचारत फिरलात तर पत्ता लागतो. पण त्याचीही गोम आहे. तुळईची भिंतीतली टोकं कुजलेली असतात, ती कापली की १२ फुटी तुळई ९-१० फुटांवर येते. आत जुने खिळे असतात. करवतीचं पातं तुटलं की वखारवाल्याची बोलणी तुम्ही खायची.

आणि इथेच लहान घराचा फायदा होतो. बंगल्याला लांब तुळया लागतात, तुम्हाला नाही. दोन तुळयांमधल्या जागेला आपल्याकडे खण म्हणतात. वाड्यातल्या खोल्या खणांवर मोजत. तुम्ही ८ फुटांचा खण धरा. रुंदीत २ आणि लांबीत ३ खण घेतले की १६ बाय २४, म्हणजे ३८४ चौरस फूट. खांब १२. जुन्या सागाचे आखूड तुकडे बरोबर बसतात, आणि प्लायवूडची शीटही ८ बाय ४ची, त्यामुळे कापाकापी आणि भंगार दोन्ही कमी. भिंत ९ फूट, छपराला ३० अंशांचा उतार, वर मंगलोरी कौलं. माळा साडेसात फुटांवर घेतलात तर आढ्याखाली जेमतेम ६ फूट मिळतात, तेही मधोमध. मुलाला मजा येईल, तुमचं डोकं आपटेल. न्हाणीघर आणि ओटा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना घ्या आणि ती भिंत विटेची करा. लाकडाजवळ नळ जितके कमी तितकी झोप चांगली.

सगळं घर लाकडी करू नका, हे मात्र आग्रहाने सांगतो. लाकूड उष्णता सावकाश आत सोडतं हे खरं, पण साठवत नाही. एप्रिलच्या दुपारी पातळ भिंतींचं केबिन भट्टी होतं, त्यात वर पत्रा असेल तर विचारू नका. वाड्यांत सांगाडा लाकडाचा आणि मधे जाड माती-विटांची भिंत असे, म्हणून ते गार. पश्चिमेची एक भिंत दगड किंवा विटेची जाड घ्या आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवा.

पर्यावरणाचा हिशेब सांगतो. वरच्या घराचा सांगाडा, वासे आणि पायाखालच्या फळ्यांना आधार देणाऱ्या कड्या धरून मला साधारण १०० घनफूट लाकूड येतं, म्हणजे पावणेतीन घनमीटरच्या पुढे. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन. साग धरला तर तीन-साडेतीन टन कार्बन डायऑक्साइड त्या घरात अडकून राहतो. ऐकायला झकास, पण तुम्ही दर शनिवारी दोन गाड्या काढून येणार असाल तर तो हिशेब किती दिवस टिकेल ते तुम्हीच मांडा. जुनं लाकूड वापरलं की नवं झाड तोडावं लागत नाही, मला तेच जास्त पटतं.

आगीची भीती सगळे घालतील, १८२८ साली शनिवारवाडा जळला त्याचा दाखला देतील. जाड खांब जळताना बाहेरून कोळसा धरतो, आणि तो थर आतल्या लाकडाला काही वेळ सांभाळतो. धोका पातळ फळ्यांना आणि उघड्या वायरिंगला जास्त. म्हणून सांगाडा जाड ठेवा आणि वायरी पाइपातून न्या.

दारं आषाढात फुगणार, चैत्रात फटी पडणार. सुताराला वाळलेलं लाकूड वापरायला लावा आणि जरा सैल बसवायला सांगा, नाहीतर श्रावणात दार उघडायला खांदा लावावा लागेल.

‘लाकडी आहे, परवानगी लागत नाही’ असं कुणी एजंट म्हणाला तर त्याच्याकडून तेच लिहून मागा. जमीन एनए, म्हणजे बिगरशेती आहे का आणि बांधकामाची परवानगी, हे दोन्ही प्लॉटवर एक खांब रोवायच्या आधी बघा.

प्लॉटचा उतार कुठल्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पश्चिमेकडून काढलेला एखादा फोटो टाका, मग पडवी आणि न्हाणीघराचं पाणी कुठे काढायचं ते सांगतो.