'दी' म्हणजे टोपणनाव नव्हे

प्रश्न असा: कॅनडातल्या क्युबेकमधल्या एका जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्याची वंशावळ मराठीत उतरवताना मूळपुरुषाची नोंद 'अंत्वान रुआ दी देजार्दँ' अशी सापडते. या 'दी'ला मराठीत काय म्हणावे, 'टोपणनाव' चालेल का?

नाही चालणार. हा शब्द हल्ली कुठेही चिकटवतात आणि दर वेळी तो मला खटकतो. टोपणनाव ज्याचे त्याच्यापाशी राहते. केशवसुतांचे घराणे दामलेच राहिले. 'दी'नंतरचे नाव मात्र मुलानातवंडांकडे वारशाने जाते. सरळ 'ऊर्फ' लिहा. आणि फ्रेंचमध्ये dit लिहितात म्हणून उच्चार 'दित' करू नका. पुरुषाच्या नावात शेवटचा त मुका असतो, बाईच्या नावात 'दीत' होते.

आता खरी गंमत. 'दी' म्हणजे 'म्हटलेला', लॅटिन 'दिक्तुस'वरून आलेला. त्या लॅटिन क्रियापदाचा धातू आणि आपला दिश् हे सख्खे भाऊ. दिश् म्हणजे दाखवणे. लॅटिनमध्ये दाखवता दाखवता त्याचे सांगणे झाले. आपल्याकडेही तेच घडले: आदेश, उपदेश, संदेश या साऱ्या सांगायच्याच गोष्टी. म्हणजे क्युबेकच्या चर्चवहीतला 'दी' आणि आपल्या सरकारी कागदावरचा 'निर्देश' एकाच कुळातले! ('दिसणे' यात ओढू नका, ते दृश्‌चे.) शिवाय 'रुआ' म्हणजे राजा. लॅटिन 'रेक्स' आणि संस्कृत 'राजन्' यांचे मूळ एक, आणि आपला 'राव' राजन्‌मधूनच आला. तेव्हा हा अंत्वान आपल्या रावांचा दूरचा भाऊबंदच.

'ऊर्फ' अरबीतून आला. त्याचा धातू 'ओळखणे' या अर्थाचा. मार्फत आणि तारीफ त्याचीच भावंडे. 'दी' म्हणजे लोकांनी म्हटलेला, 'ऊर्फ' म्हणजे लोकांनी ओळखलेला. दोन्हीकडे नावाला मान्यता देतात ते चारचौघे. इतकी नेमकी जोडी क्वचित जुळते.

शुद्धिवादी मंडळी इथे 'उपाख्य' सुचवतील. त्यातल्या 'ख्या'चा अर्थ सांगणे हाच आहे, हे मान्य. पण त्या 'उप'ने सगळा घोटाळा होतो. दुसरे नाव दुय्यम, असे तो आधीच ठरवून टाकतो, आणि क्युबेकमध्ये तर दुसऱ्या नावाने पहिल्याला कितीदा तरी हुसकावले आहे. 1665 साली कारिन्यां-सालिएर ही फ्रेंच पलटण न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे क्युबेक ज्यात होते त्या फ्रेंच वसाहतीत, उतरली. तिच्यातले सुमारे 400 शिपाई तिथेच स्थायिक झाले. शिपायांना फौजेत लाफ्लर (फूल), सान्सूसी (बिनघोर), लादूसर (गोडवा) अशी नावे पडत. आज लाफ्लर, लादूसर ही तिथली सरळ आडनावे आहेत. आपल्याकडे भानूंचे फडणीस झाले, तेव्हा 'फडणीस' उपाख्य होते असे कोणी म्हणेल का?

पिएर मिव्हिलचे घराणे बघा. हा स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्गचा, 1649च्या सुमारास तिकडे गेला. लोक त्याला 'दी ल स्विस' म्हणत. मुलगा जाक मात्र 'मिव्हिल दी देशेन', म्हणजे ओकच्या झाडांचा. बाप स्विस, मुलगा ओकवाला, आणि वंशज कोणी मिव्हिल, कोणी देशेन, कोणी दोन्ही जोडून लिहिणारे.

अंत्वान रुआही त्याच 1665च्या पलटणीतला शिपाई, बर्गंडीतल्या ज्वान्यी गावचा, धंद्याने पिंपे बनवणारा. 1900 साली लेव्ही गावात पहिली लोकपतपेढी काढणारे अल्फोन्स देजार्दँ त्याच्याच वंशातले. 1854 साली जन्मलेल्या या अल्फोन्सचे वडील फ्रान्स्वा रुआ दी देजार्दँ, आई क्लारिस मिव्हिल दी देशेन. दोन्ही 'दी' घराणी एका घरात आली! वडिलांना 'रुआ'खाली शोधणारा आणि मुलाला 'देजार्दँ'खाली शोधणारा यांची गाठच पडायची नाही.

म्हणून वंशावळीत प्रत्येक पिढीला नोंदीत असेल तसे पूर्ण नाव द्या, 'अंत्वान रुआ ऊर्फ देजार्दँ', आणि सूचीत तो माणूस दोन्ही नावांखाली घाला. बायकांपुढे 'पूर्वाश्रमीच्या' लिहू नका. पूर्वाश्रम संन्याशाचा असतो, सुनेचे असते ते माहेर. शिवाय त्या चर्चवह्यांत लग्नानंतरही बाईचे माहेरचेच नाव लिहीत. क्लारिस तिथे मिव्हिलच आहे.