पीएच वाढवायला गेलो आणि टँक दुधाळ झाला

प्रश्न : माझा २०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरल म्हणजे प्रवाळ असलेला) आहे, त्यात लेदर कोरल, झोआ (हे दोन्ही मऊ कोरल) आणि दोन-तीन एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल). टेस्ट केली तर केएच (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, डीकेएचमध्ये मोजतात) ६.२, कॅल्शियम ३८० (मिलिग्रॅम प्रति लिटर), पीएच ७.८, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) १.०२३. तिन्ही आकडे कमी दिसले म्हणून पीएच बूस्टर आणि कॅल्शियमची पावडर एकामागोमाग टाकली, तर पाच मिनिटांत सगळं पाणी पांढरं! मासे ठीक आहेत, कोरल मिटलेत. आता केएच वाढवायला काय टाकू?

उत्तर : आत्ता काहीही टाकू नका, प्लीज. बूस्टरमध्ये बहुतेक वेळा सोडा ॲश म्हणजे सोडियम कार्बोनेट असतं, ते आणि कॅल्शियम एकाच ठिकाणी भेटले की कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं, म्हणजे जे वाढवायला गेलात तेच पाण्यातून निघून गेलं. पाण्याचा फ्लो चालू ठेवा, फिल्टर फ्लॉस (गाळायचा कापूस) लावा, पीएच मोजून बघा, तो ८.५ च्या वर गेला नसेल तर घाबरायचं कारण नाही. पाणी निवळलं की १५-२० टक्के पाणी बदला, तापमान आणि सॅलिनिटी (खारेपणा) टँकशी जुळवूनच, आणि पंप-हीटरवर पांढरा थर बसलाय का तेही बघा.

पण खरी गोष्ट तुमच्या चौथ्या आकड्यात आहे आणि तो तुम्ही सोडूनच दिलात. १.०२३ म्हणजे साधारण ३१ पीपीटी (हजार भागांत ३१ भाग मीठ), रीफला हवं ३५. पाणीच पातळ असलं की त्यातलं सगळंच प्रमाणात कमी दिसणार. तुमचं ३८० कॅल्शियम ३५ पीपीटीच्या हिशोबाने ४३० च्या आसपास जातं, आणि केएच ७ च्या. खऱ्या समुद्रात केएच साधारण ७ आणि कॅल्शियम ४२० असतं! म्हणजे बाटली उघडायची गरजच नव्हती, नुसतं मीठ कमी होतं. (रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन सोल्युशनवर तपासा, नुसत्या आरओ पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून ३५ जवळही बरोबर असेलच असं नाही.) काही दिवस बाष्पीभवनाच्या जागी आरओडीआय (गाळून शुद्ध केलेलं, बिनमिठाचं पाणी) ऐवजी मिठाचं पाणी भरा, दिवसाला ०.००१ च्या वर चढवू नका. आणि मग सगळं परत मोजा, कारण त्या पांढऱ्या प्रकरणात थोडा केएच गेलेला असणार.

तरीही केएच ७ च्या खाली आला तर साधा खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, चालतो, बेकिंग पावडर नाही. १०० लिटरला ३ ग्रॅमने साधारण १ डीकेएच वाढतो. पण दगड-वाळू वजा केली तर तुमच्याकडे पाणी १६० लिटरच्या आसपासच असेल, म्हणून रोज अडीच ग्रॅमच्या आत, आरओडीआय पाण्यात पूर्ण विरघळवून, जिथे फ्लो जास्त तिथे हळूहळू. याने दिवसाला अर्धा डीकेएच चढतो, मी तरी त्याच्या वर जात नाही, कोरलला थोडा कमी आकडा चालतो पण रोज उड्या मारणारा चालत नाही. कॅल्शियम द्यायचंच झालं तर वेगळ्या वेळी, मध्ये काही तास जाऊ द्या. कॅल्शियम क्लोराईड विरघळताना चांगलं गरम होतं, म्हणून पावडर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही, आणि गॉगल घाला. केएच-कॅल्शियम कितीही टाकलं तरी टिकत नसेल तर मॅग्नेशियम बघा, १२५० ते १४०० मध्ये हवं.

प्रश्न : मग पीएच ७.८ तसाच राहू द्यायचा?

उत्तर : हो, ७.८ ने कोणी मरत नाही, आणि तुम्ही मोजला कधी हेही महत्त्वाचं, पहाटे तो सगळ्यात खाली असतो कारण रात्री प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वसन चालूच. टँकचं ग्लासभर पाणी बाहेर मोकळ्या हवेत एअरस्टोनने (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) तासभर ढवळा, पीएच बराच वर गेला तर दोष खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा आहे. खिडकी उघडा किंवा स्किमरची (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) हवेची नळी खोलीबाहेर काढा. बूस्टर टाकून फक्त केएच वाढत बसेल आणि पीएच काही तासांत जागेवर येईल. ती बाटली कपाटात राहू दे.