सीमेपलीकडच्या रुग्णांसाठी सरकारी पैसा: अक्कलकोटच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचा ट्रस्ट अक्कलकोट तालुक्यात फिरता दवाखाना चालवतो. गाडी दुधनी, वागदरीकडे गेली की ओपीडीत बरेच रुग्ण पलीकडच्या आळंद आणि अफजलपूर तालुक्यातले येतात. आता दोन्ही राज्यांत मिळून काम करायचं आहे, तर सरकारी निधी कुठून मिळेल? शिवाय युरोपातल्या एका विद्यापीठानं 'क्रॉस-बॉर्डर हेल्थ' अनुदानासाठी एकत्र अर्ज करू म्हणून ईमेल केला आहे, त्याचं काय करावं? मी सोलापुरात बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. 'सीमावर्ती क्षेत्र विकास कार्यक्रम' हे नाव वाचून आपल्याकडचे अनेक जण त्यामागे धावतात. तो केंद्राचा कार्यक्रम आंतरराष्ट्रीय सीमेलगतच्या भागासाठी आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमा त्यात बसत नाही. त्यात वेळ घालवू नका.

खरी अडचण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं आणि दवाखाने हा राज्यसूचीतला विषय. त्यामुळे महाराष्ट्राचा आरोग्याचा पैसा महाराष्ट्राच्या हद्दीत आणि कर्नाटकचा कर्नाटकात, अशीच सगळ्या हिशेबांची रचना असते. मात्र समवर्ती सूचीत २९ क्रमांकाची नोंद आहे: संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरण्याला प्रतिबंध. तुमच्या प्रस्तावाचा पाया इथे घाला. 'सीमाभागातील गोरगरिबांना आरोग्यसेवा' असं लिहिलंत तर फाइल फिरत राहील. 'क्षयरोगाचे उपचार हद्द ओलांडताना खंडित होतात, ते जोडायचे आहेत' असं लिहिलंत तर अधिकाऱ्याला ती कुठल्या टेबलावर पाठवायची ते लगेच कळतं.

हे मी ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही भीमेच्या अलीकडे टाकळीला शिबिरं घ्यायचो. पुलापलीकडे धूळखेड, म्हणजे कर्नाटक. औषधं एका सरकारी निधीतून घेतलेली. वर्षअखेरीस लेखापरीक्षक आले, त्यांनी रजिस्टरच्या पत्त्याच्या रकान्यावर पट्टी ठेवली आणि धूळखेड, झळकी असं नाव दिसलं की लाल पेन्सिलीनं खूण करत खाली उतरत गेले. एकतीस खुणा झाल्या. तेवढ्या औषधांची रक्कम आम्हाला परत भरावी लागली आणि पुढच्या वर्षीचा हप्ता यूसीवर, म्हणजे पैसा अटींप्रमाणे वापरल्याच्या दाखल्यावर, अडकला. औषधं खऱ्या रुग्णांना गेली होती, पण निधीच्या अटीत 'जिल्ह्यातील लाभार्थी' असे दोन शब्द होते आणि मी ते वाचले नव्हते.

म्हणून माझा सल्ला असा: सीमा ओलांडू शकेल असा एकच निधी शोधू नका. प्रकल्पाचे दोन भाग करा, अलीकडचा खर्च अलीकडच्या पैशातून, पलीकडचा पलीकडच्या. आणि दोन्हींना जोडणारा छोटा भाग वेगळा काढा: कन्नड-मराठी दोन्ही बोलणारी एक समन्वयक, तिचा प्रवास, फोन, दोन्हीकडच्या नोंदींचं रजिस्टर. हा जोडभाग स्वस्त असतो, पण कुठल्याच खात्याच्या अंदाजपत्रकात तो नसतो.

अलीकडच्या भागासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियान. त्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के पैसा घालतं. पण मंजुरी जिल्ह्याच्या आराखड्यातून पीआयपीत, म्हणजे राज्याच्या अंमलबजावणी आराखड्यात, गेलेल्या कामालाच मिळते. आराखडा राज्याकडे गेल्यावर जिल्हा परिषदेत चकरा मारून उपयोग नसतो. आत्तापासून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे बसा आणि तुमचं काम आराखड्यात एक ओळ म्हणून घालून घ्या.

पलीकडे तुमचं काम सोपं आहे, कारण आळंद आणि अफजलपूर दोन्ही कलबुर्गी जिल्ह्यात येतात. तो भाग कल्याण कर्नाटक विभाग विकास मंडळाच्या कक्षेत आहे. राज्यघटनेच्या कलम ३७१-जे खाली त्या मागास जिल्ह्यांसाठी राज्य वेगळा पैसा ठेवतं आणि त्यातून आरोग्याची कामंही होतात. माझ्या बाजूचा इंडी तालुका विजयपूर जिल्ह्यात, त्यामुळे मंडळाबाहेर. हा फरक मला फार उशिरा कळला. मात्र ट्रस्टच्या नावावर मागू नका. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची गरज म्हणून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून ती मागणी पुढे जाऊ द्या.

क्षयरोगाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तिथेच काम सर्वांत लवकर उभं राहतं. आमच्याकडची एक बाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला पलीकडच्या कारखान्यावर गेली. पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या. त्या संपल्यावर तिथल्या आरोग्य केंद्रात मराठीतलं कार्ड कुणाला वाचता येईना, आणि वडापनं परत यायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते. ती आली तेव्हा तीन आठवड्यांचा खंड पडला होता. खरं तर निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर रुग्णाचा आयडी देशभर एकच असतो. तो दुसऱ्या राज्यातल्या केंद्राकडे ट्रान्सफर करता येतो, आणि पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५००) त्याच आयडीवर चालू राहतात. गोळ्या, पैसा, पोर्टल सगळं सरकारनं आधीच दिलेलं आहे. टोळी निघण्याच्या आदल्या आठवड्यात ट्रान्सफर करून पलीकडच्या आशाताईंना फोन करणारं माणूस तेवढं नाही. त्या माणसाचा पगार हाच तुमचा प्रकल्प.

ऑपरेशनच्या रुग्णांसाठी नवा निधी शोधायचीच गरज नाही. आयुष्मान भारतचा लाभार्थी कुठल्याही राज्यातल्या पॅनेलवरच्या रुग्णालयात दाखल होऊ शकतो आणि दाव्याचे पैसे त्याचं स्वतःचं राज्य देतं. ओपीडी मात्र त्यात येत नाही. गाडीवर आधार आणि कार्ड तपासून देणारा एक मुलगा बसवलात तरी किती घरांचं कर्ज वाचेल!

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तेव्हा कर्नाटकातून कडाडून विरोध झाला. त्या यादीतलं गाव असेल तर रुग्णाला फायदा जरूर मिळवून द्या, पण प्रस्तावात तो विषय आणू नका. कलबुर्गीचा अधिकारी त्यावर सही करणार नाही.

जोडभागासाठी सार्वजनिक कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, बघा. एनटीपीसीचा एक प्रकल्प आपल्या दक्षिण सोलापुरात आणि दुसरा विजयपूर जिल्ह्यात कुडगीला, म्हणजे एकच कंपनी सीमेच्या दोन्ही बाजूंना. दोन्हीकडे एकाच मजकुराचा अर्ज द्या. सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठी संस्थेला लागते ती) आणि दर्पण क्रमांक (नीती आयोगाच्या पोर्टलवरचा संस्थेचा नोंदणी क्रमांक) हाताशी ठेवा.

आता युरोप. त्या विद्यापीठाचा हेतू चांगला असेल, पण ईयू-फोर-हेल्थ हा कार्यक्रम युरोपीय संघातल्या आणि त्याच्याशी संलग्न देशांतल्या संस्थांसाठी आहे. होरायझन युरोप या त्यांच्या संशोधन निधी कार्यक्रमात भारतीय संस्था भागीदार होऊ शकते, पण तिला आपोआप पैसा मिळत नाही, त्या विशिष्ट कॉलमध्ये, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीत, तशी तरतूद लागते. ती आहे का, एवढं एकच त्यांना विचारा. असली तरी संशोधनासाठी आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागेल, तिचं काम आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, बघते. आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी, लागेलच. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि मूळ कामावर तीन वर्षांत १५ लाख खर्च केलेली हवी. 'मुंबईच्या मोठ्या संस्थेच्या खात्यात घेऊ, ते आपल्याला देतील' असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी पुढे दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही.

पण युरोपकडून एक गोष्ट जरूर घ्या. स्पेन-फ्रान्स सीमेवर पुइगसेर्दा गावात २०१४ मध्ये सेर्दान्या रुग्णालय सुरू झालं. बांधकामाचा सुमारे ६० टक्के खर्च युरोपीय प्रादेशिक निधीनं उचलला. चालवण्याचा खर्च मात्र कातालोनिया ६० आणि फ्रान्स ४० टक्के असा आधीच ठरलेला होता. कुणाचे रुग्ण किती, त्यावरून वाटा किती, हे कागदावर होतं.

तुम्हालाही तोच कागद करायचा आहे. मागच्या बारा महिन्यांचं ओपीडी रजिस्टर काढा, गावानुसार मोजा, क्षयरोगाचे आणि गरोदर बायकांचे आकडे वेगळे करा. त्यावरून दोन पानांचा मसुदा करा, एक मराठीत, एक कन्नडमध्ये, आणि दोन्ही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे एकाच आठवड्यात जा. मसुदा इथे टाकलात तर खर्चाचा तक्ता मी रकाना-रकाना तपासून देईन. टाकण्याआधी रुग्णांची नावं तेवढी खोडा.