लीज आणि लायसन्स यांत नेमका फरक काय? घर भाड्याने देताना कोणता शब्द बरोबर?

तुम्ही विचारलंय की मुंबईत कोणी ‘घर लीजवर दिलं’ म्हणतं, कोणी ‘लायसन्सवर’, तर हे दोन्ही एकच का. एकच नाहीत. आणि ते एकच आहेत असं ठासून सांगणाऱ्यांशी मी माझ्या घरातच भांडले आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

लीजमध्ये जागेतला हक्क मुदतीपुरता दुसऱ्याकडे जातो. लायसन्समध्ये हक्क जागचा हलत नाही. एरवी जे केलं तर घुसखोरी ठरली असती, ते करायची फक्त मुभा मिळते. दोन्हींच्या व्याख्या १८८२ सालच्याच, पण वेगवेगळ्या कायद्यांत आहेत: लीजची ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टमध्ये, लायसन्सची इझमेंट्स ॲक्टमध्ये. मालकाने मधेच घर विकलं तर लीज नव्या मालकालाही पाळावं लागतं, लायसन्स त्याच्यावर बंधनकारक नसतं. मुंबईत घर लायसन्सवर देण्याच्या कराराला ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणतात, त्यातल्या ‘लीव्ह’चा घर सोडण्याशी संबंध नाही, तिथे त्याचा अर्थही परवानगीच.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे मुलुंडला आली. गोरेगावचा वन रूम किचन रिकामा ठेवणं परवडणारं नव्हतं. मामाने ओळखीचा एजंट आणला. मामाची सगळी हयात गिरगावात पागडीच्या खोलीत गेली. तिथे भाडेकरूला कोणी सहजासहजी हात लावू शकत नाही, म्हणून त्याच्या लेखी भाडं म्हणजे भाडं, त्याला दुसरं नाव नाही.

एजंटच्या ऑफिसात ॲग्रीमेंटचा मसुदा माझ्यापुढे आला. वर ठळक अक्षरांत ‘लीव्ह अँड लायसन्स’. खाली मात्र प्रत्येक कलमात टेनंट, मंथली रेंट, लीज पीरियड. शिवाय एक ओळ अशी की मुदत संपल्यावर टेनंटची इच्छा असेल तर करार वाढेल. मी म्हटलं, हे सगळं बदला. एजंट म्हणाला, “मॅडम, सगळीकडे हाच फॉरमॅट चालतो.” मामा त्याच्याच बाजूने: “अगं, लीज म्हण नाहीतर लायसन्स म्हण, महिन्याच्या महिन्याला पैसे आले म्हणजे झालं. दोन शब्दांवरून किती खल करशील?”

मी खल केला. टेनंटच्या जागी लायसन्सी, रेंटच्या जागी लायसन्स फी असं तिथेच बसून दुरुस्त करून घेतलं. मुदतवाढीची ओळ काढायला लावली. कायदेशीर ताबा आईचाच राहील हे वाक्य घालून घेतलं. एजंटला नुसत्या नोटरीवर काम उरकायचं होतं, तेही मी होऊ दिलं नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणारा जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ‘अकरा महिन्यांचं आहे, रजिस्टर कशाला?’ हे ऐकून मला संताप येतो. अकरा महिन्यांची पद्धत आली ती एक वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी सक्तीची होती म्हणून. आपल्याकडे लायसन्सला ती पळवाट नाही.

मुदत संपली आणि घर घेतलेला गृहस्थ हलेना. म्हणायला लागला, मी इथला भाडेकरू आहे. आम्ही त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केला. आदेश आईच्या बाजूने लागला, मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट फीसकट. मामा अजूनही म्हणतो की शब्द बदलले नसते तरी निकाल तसाच लागला असता. नसता लागला. या कलमात लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा मानतात. मग त्यात जागोजागी टेनंट आणि लीज लिहून ठेवलेलं असतं तर आम्ही कशाच्या जोरावर बोललो असतो?

शिवाय नुसत्या मथळ्याला कोर्टात फारशी किंमत नाही. असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्येच ते दाखवून दिलं. दिल्लीच्या हॉटेलातल्या केशकर्तनालयाचा करार लायसन्स म्हणून केलेला होता, बहुमताने तो लीज ठरला. आणि मुंबईतल्या मालकांची धास्ती उगाच नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचं लायसन्स चालू होतं आणि जे जागेत राहत होते, त्यांना बॉम्बे रेंट ॲक्टमधल्या दुरुस्तीने थेट भाडेकरूचा दर्जा मिळाला.

तेव्हा घर द्यायचं असेल तर डिपॉझिटचा चेक हातात घेण्याआधी आतलं प्रत्येक पान वाचा, आणि ‘फॉरमॅट असाच असतो’ म्हणणाऱ्या एजंटचं, मामाचं, कोणाचंही ऐकू नका.

बोलण्यातल्या वापराचं म्हणाल तर गाडी लीजवर, सोसायटीखालची कलेक्टरची जमीन लीजवर. सॉफ्टवेअरचं, दारूविक्रीचं, गाडी चालवायचं ते लायसन्स. एजंट ‘कंपनी लीज’ म्हणतात तेव्हा कागद बहुधा लीव्ह अँड लायसन्सचाच असतो, म्हणून नुसत्या बोलण्यावर जाऊ नका. आणि वर सांगितलेलं कलम २४ राहत्या घरांपुरतं आहे. दुकान किंवा गाळा असेल तर ते लागू होत नाही, त्यासाठी वकिलालाच गाठा.