कॉलेजात गप्प, घरी वाजता फोन: जागेपेक्षा जोडणीवर भरवसा ठेवा

नमस्कार ताई,

तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याहून कोरेगावला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला जाता, स्वतःच्या गाडीने. वर्गात वाजू नये म्हणून फोन सायलेंट करता आणि दुपारी सुटल्यावर आवाज परत चढवायचं राहून जातं. परतताना भाजीला थांबलं की नेमका घरून आईंचा फोन येतो आणि तुम्हाला कळतच नाही. मॅक्रोड्रॉइडमध्ये (‘अमुक झालं की तमुक कर’ असे नियम लावायचं ॲप) लोकेशनचा, म्हणजे फोन कुठे आहे त्यावर चालणारा, नियम लावून पाहिलात, पण तो कधी दहा मिनिटं उशिरा लागतो, कधी लागतच नाही, आणि बॅटरी घरी येईपर्यंत निम्म्यावर. फोन अँड्रॉइड १३चा. शिवाय रात्री चार्जिंगला लावला की तो आपोआप गप्प व्हावा आणि वायफाय घरी चालू, बाहेर बंद असं आपोआप व्हावं, हेही हवंय.

वायफाय सोडून सगळं जमेल. वायफायचं का नाही, तेही पुढे लिहितो.

आधी तो लोकेशनचा नियम काढून टाका. तुमचं काही चुकलेलं नाही, त्या पद्धतीचा स्वभावच तसा आहे. बॅटरी वाचावी म्हणून अँड्रॉइड ठिकाणाची तपासणी सतत करत नाही. फोन खिशात पडून असेल तर दोन-तीन मिनिटांचा उशीर हा नेहमीचाच, आणि फोन बराच वेळ एका जागी असेल तर त्याहूनही जास्त. डेव्हलपरांसाठीच्या सूचनांत गूगल स्वतःच सांगतं की ठिकाणाभोवती आखायच्या वर्तुळाची त्रिज्या निदान १०० ते १५० मीटर ठेवा. तीही आजूबाजूला भरपूर वायफाय असतील तिथली गोष्ट. मोकळ्या रानात, जिथे फोनला फक्त टॉवरचा आधार असतो, तिथे अंदाज कित्येकशे मीटरनी चुकू शकतो. हा उशीर टाळायला दर मिनिटाला तपासणी लावली की बॅटरी जाते. तुमच्याकडे बहुतेक तेच झालंय.

म्हणून फोनला ‘तू कुठे आहेस’ हे विचारूच नका. ‘तू कशाला जोडलेला आहेस’ हे विचारा. घरचं वायफाय जोडलं गेलं म्हणजे तुम्ही घरी आहात. गाडीचा स्टिरिओ ब्लूटूथने जोडला गेला म्हणजे तुम्ही गाडीत आहात. जोडणी झाली किंवा सुटली की ती बातमी अँड्रॉइड स्वतःहून ॲपला देतं, ॲपला जागं राहून पाहत बसावं लागत नाही. त्यामुळे बॅटरीवर जवळजवळ भार नाही आणि नियम काही सेकंदांत लागतो.

आता कॉलेज. तुम्ही लिहिलंय की स्टाफरूममध्ये वायफाय आहे पण तुम्ही ते वापरत नाही. एकदा पासवर्ड घेऊन जोडून ठेवा, कारण आपल्याला इंटरनेट नकोय, फक्त खूण हवीय. इथे पहिल्यांदा करणारे बहुतेक जण एक चूक करतात. ‘वायफाय जोडलं की गप्प, वायफाय सुटलं की आवाज चालू’ असा जोडनियम लावतात. तुमचा वर्ग स्टाफरूमपासून लांब असणार. तुम्ही वर्गाकडे निघालात की वायफाय सुटणार आणि बरोब्बर तासाच्या मध्यावर फोन वाजणार. शिरण्याची खूण आणि निघण्याची खूण एकच असली पाहिजे असं काही नाही. तुमच्यासाठी शिरण्याची खूण स्टाफरूमचं वायफाय आणि निघण्याची खूण गाडीचा ब्लूटूथ. गाडी सुरू केली, स्टिरिओ जोडला गेला की आवाज परत. भाजीच्या दुकानाशी पोहोचायच्या आधीच काम झालेलं असेल.

‘गप्प’ म्हणजे नेमकं काय, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सायलेंट करू नका. ‘डू नॉट डिस्टर्ब’ वापरा, तेही ‘प्रायॉरिटी’वालं. सायलेंटमध्ये सगळेच गप्प होतात, आईसुद्धा. डू नॉट डिस्टर्बमध्ये ठरावीक माणसांना वाट ठेवता येते. कॉन्टॅक्टमध्ये आईंच्या नावाला तारा द्या आणि सेटिंगमध्ये तारा दिलेल्यांचे कॉल चालतील असं ठेवा. शेजारी कोणी आईंकडे लक्ष ठेवत असेल तर त्यांनाही तारा द्या. त्याच पानावर ‘पुन्हा कॉल करणारे’ असा पर्याय असतो. एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजतो. तोही चालू ठेवा. दवाखान्यातून किंवा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या फोनवरून कॉल आला तर तेवढी एकच वाट उघडी असते.

एक मेख आहे. रिंगचा आवाजच शून्यावर असेल तर तारा देऊनही आईंचा फोन वाजणार नाही. म्हणून नियमात क्रम असा ठेवा: आधी रिंगचा आवाज ८० टक्के, मग डू नॉट डिस्टर्ब. वर्गात कधी आईंचा फोन वाजला तर वाजू दे, मुलं समजून घेतात.

हे इतकं ठासून लिहितोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझा असाच एक नियम होता: ऑफिसात सायलेंट, घरचं वायफाय जोडलं की आवाज चालू. दोन वर्षं बिनतक्रार चालला. एका पावसाळ्यात मी घरी पोहोचलो तेव्हा वीज गेलेली होती. वीज नाही म्हणजे राऊटर बंद, राऊटर बंद म्हणजे वायफाय नाही, म्हणून फोनच्या लेखी मी घरी आलोच नव्हतो. मी जेवून झोपलो. पहाटे साडेपाचला उठून पाहतो तर गावाहून भावाचे अकरा मिस्ड कॉल. वडील रात्री न्हाणीघरात पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजाऱ्यांनी जीप काढून त्यांना तालुक्याला नेलं होतं आणि भाऊ रात्रभर एकटा दवाखान्यात बसला होता. वडील पुढे बरे झाले. पण त्या रात्री फोन माझ्या उशाशीच होता आणि तो गप्प राहिला, ते अजून मनातून गेलेलं नाही. त्यानंतर एकाच खुणेवर उठणारा नियम मी कधी ठेवला नाही.

त्यातून आलेली गोष्ट म्हणजे घड्याळाचा नियम. बाकी सगळं फसलं तरी घड्याळ फसत नाही. कॉलेज दोनला सुटत असेल तर अडीचला एक नियम, कोणतीही अट न ठेवता: डू नॉट डिस्टर्ब बंद, रिंगचा आवाज ८० टक्के. गाडीचा ब्लूटूथ जोडला गेला नाही, वीज गेली, तुम्ही कुणाच्या तरी गाडीतून आलात, काहीही झालं तरी अडीचनंतर फोन वाजेल. त्याच नियमाला दुसरी वेळ द्या, सकाळी सहाची. एका नियमाला दोन ट्रिगर, म्हणजे तो सुरू करणाऱ्या दोन खुणा, लावता येतात.

म्हणजे तुमचे नियम असे होतील. पहिला: स्टाफरूमचं वायफाय जोडलं गेलं, सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते बारा, तर गप्प. दुसरा: गाडीचा ब्लूटूथ जोडला गेला, तर आवाज परत. तिसरा: घरचं वायफाय जोडलं गेलं, सकाळी सहा ते रात्री दहाच्या मध्ये, तर आवाज परत. चौथा तो घड्याळाचा. पाचवा रात्रीचा: चार्जर लागला, रात्री दहा ते पहाटे पाच, तर गप्प आणि ब्राइटनेस कमी. मॅक्रोड्रॉइडच्या मोफत आवृत्तीत पाचच नियम मिळतात, तेवढ्यात हे सगळं बसतं.

तिसऱ्या नियमातली वेळेची अट गाळू नका. रात्री दोनला वीज गेली आणि तीनला आली की राऊटर चालू होतो, फोन वायफायला जोडला जातो, नियमाला वाटतं तुम्ही आत्ताच घरी आलात, आणि तो फोन पुन्हा वाजता करतो. रात्रीच्या नियमातही ‘चार्जर निघाला की आवाज चालू’ असं लावू नका, कारण वीज गेली तरी फोनला चार्जर निघाल्यासारखंच वाटतं. उठवण्याचं काम सहाच्या घड्याळावर सोडा. वीज येऊन चार्जर पुन्हा ‘लागला’ तर गप्प असलेला फोन पुन्हा गप्प होईल, बिघडत काहीच नाही. आपल्याकडे वायफाय आणि चार्जर या दोन वेगळ्या खुणा वाटतात, पण वीज गेली की दोन्ही एकदम जातात. परदेशी लोकांच्या नियमावलीत हे सापडणार नाही.

परवानग्यांमध्ये बरेच जण अडकतात, म्हणून नीट सांगतो. जोडलेल्या वायफायचं नाव वाचायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते, आणि फोनचं लोकेशन चालूही असावं लागतं. वायफायच्या नावावरून घराचा पत्ता लागू शकतो, म्हणून अँड्रॉइडने हे बंधन घातलंय. बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवलंत तर ॲपला वायफायचं खरं नाव मिळत नाही, नुसतं ‘अननोन एसएसआयडी’ (म्हणजे ‘वायफायचं नाव माहीत नाही’) मिळतं, आणि नियम मुकाट बसून राहतो. मी एकाच्या फोनवर याच दोन शब्दांमागे दोन तास घालवलेत. लोकेशन नुसतं चालू ठेवल्याने बॅटरी जात नाही, कोणत्या तरी ॲपने ठिकाण मागितलं तरच जाते. परवानगी ‘नेहमी’ अशी द्या, ‘ॲप वापरताना’ पुरत नाही. डू नॉट डिस्टर्बची परवानगी वेगळी असते, तीही द्या.

घरचा राऊटर दोन नावं दाखवत असेल, एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ लावलेलं, तर नियमात दोन्ही नावं निवडा. एकच निवडलं की नियम कधी लागतो, कधी नाही, आणि कारण सापडत नाही.

मग बॅटरी सेव्हर. बऱ्याच कंपन्यांचे फोन मागे चालणारं ॲप गुपचूप बंद करतात. मॅक्रोड्रॉइडसाठी बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाही’ निवडा, ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा, आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याला कुलूप लावायची सोय असेल तर लावा. फोन अपडेट झाल्यावर हे पुन्हा एकदा तपासा, कधी कधी ते मूळपदावर जातं.

आता वायफाय. अँड्रॉइड १०पासून, म्हणजे २०१९पासून, गूगलने नव्या ॲपना वायफाय चालू-बंद करण्याची मुभाच काढून घेतली. ब्लूटूथचंही अँड्रॉइड १३पासून तेच, आणि मोबाईल डेटाचं तर कधीचंच. फोन संगणकाला जोडून एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) जादा परवानग्या देणं वगैरे आडवाटा आहेत, पण तुम्हाला त्याची गरज नाही. वायफाय नुसतं चालू असल्याने जाणारी बॅटरी फार थोडी. स्क्रीन आणि कमजोर मोबाईल सिग्नल यांत त्याहून कितीतरी जास्त जाते. आणि आपले नियमच वायफायच्या खुणेवर उभे आहेत, ते बंद केलं तर खूण कुठून मिळणार? चालू राहू दे.

सॅमसंगवाल्यांनी वेगळं ॲप घ्यायची गरज नाही. ‘मोड्स अँड रूटीन्स’ आतच असतं आणि ते कंपनीचं स्वतःचं असल्यामुळे वायफायसुद्धा चालू-बंद करू शकतं. आयफोनवर ‘शॉर्टकट्स’मध्ये ‘ऑटोमेशन’ आहे. त्यात वायफाय, ब्लूटूथ, चार्जर तिन्ही खुणा मिळतात. ‘विचारल्याशिवाय लगेच चालव’ हा पर्याय निवडा, नाहीतर दर वेळी फोन तुम्हालाच विचारत बसेल.

चार्जिंगबद्दल एक जास्तीची गोष्ट. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर रात्रीसाठी ती चालू करा. लिथियम-आयन बॅटरी रात्रभर १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. मॅक्रोड्रॉइड ८० टक्क्यांना घंटी वाजवू शकतं, पण चार्जिंग थांबवू शकत नाही.

आणि बारावीच्या बोर्डाच्या पर्यवेक्षणाला जाताना यातल्या कशावरही विसंबू नका. त्या दिवशी फोन हाताने बंद करा.

नियम लावल्यावर पहिले दोन दिवस तुमचा नेहमीचा सायलेंट हाताने चालूच ठेवा आणि नियमांत आवाजाला हात लावू नका. फक्त ‘कॉलेजचा नियम लागला’, ‘गाडीचा नियम लागला’ अशी नोटिफिकेशन दाखवा. कोणता नियम किती वाजता लागला ते कळेल. मॅक्रोड्रॉइडच्या आत ‘सिस्टीम लॉग’ही आहे. दोन दिवस वेळा बरोबर आल्या की मग खरी कृती जोडा. त्या संध्याकाळी कॉलेजचा नियम हाताने चालवून फोन गप्प करा आणि आईंना त्यांच्या फोनवरून तुम्हाला एक कॉल करायला सांगा. तो वाजला पाहिजे. नाही वाजला तर सिस्टीम लॉगचा स्क्रीनशॉट आणि डू नॉट डिस्टर्बच्या पानाचा स्क्रीनशॉट, वायफायची नावं झाकून, इथे टाका. मी रात्री नऊनंतर असतो, बघून सांगतो.